तक्त्यात मला ९४ मार्क पडले, म्हणून हे पत्र

आदरणीय पाळकसाहेब, सेक्रेटरीसाहेब, खजिनदारसाहेब आणि पंचकमिटीचे सगळे मेंबर,

सलाम.

हे सगळं आधी मी रीतसर अर्ज म्हणून दिलं होतं, खाली सही करून. सेक्रेटरीसाहेबांनी घेतलं, घडी करून फाईलमध्ये ठेवलं आणि म्हणाले पुढच्या मीटिंगला घेऊ. पुढची मीटिंग झाली, त्याच्या पुढचीही झाली, तिसरीला कोरम भरला नाही म्हणून चहा पिऊन सगळे घरी गेले. म्हणून आता उघड लिहितोय. कुणाचा अपमान करायचा नाहीये, मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चचं, नावही लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि वाचताना दुसऱ्या कुणाला आपलीच मंडळी आठवली तर त्याला माझा इलाज नाही.

विषय तोच, 'आत्मिक वाढ तक्ता'.

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेनंतर केक आणि चहासोबत प्रत्येक कुटुंबाच्या हातात तो छापील कागद आला तेव्हा मला खरंच आवडला होता, हे आधी कबूल करतो. हजेरीला २० मार्क, बायबल वाचनाला २०, दशांशाला (कमाईचा दहावा भाग चर्चला देणं) २०, कॉटेज मीटिंग (घरोघरची प्रार्थनासभा) १०, उपवास १०, पाठांतर १०, साक्ष आणि पत्रिका वाटप १०. एकूण १००. दर तीन महिन्यांनी बेरीज आणि हंगामाच्या सणाला सगळ्यात जास्त मार्कांच्या कुटुंबाला शील्ड. मी एमआयडीसीत क्वालिटीला आहे, एकवीस वर्षं झाली, दिवसभर व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हातात असतो, त्यामुळं मोजमापाशी माझं काही वाकडं नाही. उलट मनात म्हणलं चला, मंडळीत एकदाचं काहीतरी सिस्टिमॅटिक सुरू झालं.

मार्चअखेर माझी बेरीज झाली ९४. सहा गेले ते पाठांतरात. पहिल्या तिमाहीत आम्ही पहिले आहोत असं मला एका कमिटी मेंबरनं गेटवरच हळूच सांगितलं, पाठीवर थापही मारली.

आता त्या ९४ मार्कांच्या आतलं सांगतो.

आमच्या घराची रचना तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहितीये. खाली मी, वर धाकटा भाऊ. नळाचं कनेक्शन एकच, अजून वडिलांच्या नावावर. नगरमध्ये (अहिल्यानगर म्हणायचं आता, पण तोंडात अजून नगरच येतं) आमच्या भागात दिवसाआड पाणी, तेही पहाटे. दोन मोटारी एकदम लावल्या तर दोघांनाही येत नाही, नुसती हवा ओढतात. तेव्हा एकानं आधी भरायचं, मग दुसऱ्यानं, असं वडील असताना ठरलेलं होतं. आईच्या आजारपणात खर्चावरून आमचं वाजलं, कुणी किती दिले आणि कुणी दिले नाहीत, ते इथं उगाळत नाही कारण प्रत्येकाकडं आपापला हिशोब आहे. तीन वर्षं झाली, बोलणं बंद. चर्चमध्ये तो डावीकडं तिसऱ्या बाकावर, मी उजवीकडं पाचव्या. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, एकाच ट्रेमधले ते छोटे ग्लास दोघंही उचलतो, आणि इतक्या वर्षांत तुमच्यापैकी एकानंही विचारलं नाही की तुम्ही दोघं एकमेकांकडं बघत का नाही. विचारायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा विचारलं असतं तर मी भांडलो असतो हेही खरंय.

फेब्रुवारीचा पहिला आठवडा, मंगळवार. पहाटे सव्वाचारला मी मोटार लावली आणि पोर्चच्या लाईटखाली खुर्ची टाकून बायबल उघडलं. रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच असं वाचलं की वर्षात अख्खं बायबल होतं, ११८९ अध्याय, तोच हिशोब मी धरला होता. त्या दिवशी नंबर होता लेवीय १८, १९, २०. वाचतोय, वाचतोय, पाचच्या सुमाराला बायको आतून म्हणाली, टाकी सांडतीये. मी म्हणलं, सांडू दे. तिला कळलं, ती काही बोलली नाही. पाणी टाकीच्या पाईपातून खळखळ गटारीत चाललं होतं आणि मी वीस मिनिटं मोटार बंद केली नाही, कशासाठी तर वर चढू नये म्हणून. मला पाणी नको होतं. त्याला मिळू नये एवढंच पाहिजे होतं. साडेपाचला पाणी गेलं, मी मोटार बंद केली, तीन अध्यायांपुढं तीन टिका मारल्या, मंडळीच्या ग्रुपवर रोजच्यासारखं वचन आणि गुलाबाचं चित्र टाकलं, त्याखाली अकरा जणांनी आमेन लिहिलं. सहा वाजता भावजय दोन हंडे घेऊन जिना उतरली आणि आमच्या दारावरून शेजारच्यांकडं पाणी मागायला गेली. मी दात घासत होतो.

त्या दिवसाचे मार्क मला पूर्ण मिळालेत. तक्ता बघून घ्या.

कंपनीत एखादा जॉब, म्हणजे बनवलेला पार्ट, कस्टमरकडून परत आला की आम्ही उलटं शोधत जातो, कुठल्या तारखेला, कुठल्या शिफ्टला, कुणी चेक केला. मार्चच्या शेवटी बेरीज करताना मला अशीच खोड आली, की त्या मंगळवारी मी नेमकं वाचलं काय, कारण एक ओळ डोक्यात राहिलेली नव्हती. उघडलं. लेवीय १९, ओवी १७. भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नको, जे आहे ते त्याला तोंडावर सांग, नाहीतर त्याच्या पापाचा भागीदार होशील. आणि लगेच खालची १८वी, सूड घेऊ नको, आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर. ही जी आज्ञा येशूनं सगळ्यात मोठ्या दोन आज्ञांमध्ये धरली, ती मी मोटारीच्या आवाजात वाचून, टिक मारून, पुढं गेलो होतो. टिक स्पष्ट आहे, निळ्या पेननं, जरा ऐटीतच मारलीये.

दुसरा एक तक्ता सांगतो. आपल्याकडं शेवटच्या बाकावर एक मावशी बसतात, नाव घेत नाही. महापालिकेत झाडूकामाला होत्या, आता रिटायर, पण एका शाळेत अजून झाडायला जातात. लिहिता-वाचता येत नाही, म्हणून त्यांचा तक्ता माझ्या मुलीनं भरून दिला. हजेरीचे १४ पडले, कारण शाळेत कार्यक्रम असला की रविवारीही बोलावतात. वाचन शून्य. उपवास शून्य, शुगर आहे. कॉटेज मीटिंग शून्य, संध्याकाळी घरी माणूस लागतं. दशांश म्हणजे काय हिशोब ते त्यांना माहीत नाही, थैली आली की पदराच्या गाठीतून दहाची नोट काढतात. एकूण १४. मावशींनी मुलीला विचारलं, किती पडले गं? मुलगी म्हणाली, पास आहात मावशी. घरी येऊन मला म्हणाली, पप्पा मी खोटं बोलले.

या मावशींचा मुलगा बायकोला मारायचा. दारू पिऊन, पोराबाळांदेखत. आपल्या सगळ्यांना माहीत होतं, त्या गल्लीतून आपण नाताळची फेरी काढतो. नऊ वर्षांपूर्वी मावशी सुनेला घेऊन पोलीस स्टेशनला गेल्या आणि स्वतःच्या पोटच्या पोराविरुद्ध जबाब दिला. अंगठा देऊन. नंतर खोली सुनेच्या नावावर करून दिली. मुलगा कुठंतरी पुण्याकडं असतो, येत नाही, नाताळला पण नाही, आणि त्याचं दुःख त्यांना नाही असं कुणी समजू नये, गीत चालू असताना त्या मधेच डोक्यावरचा पदर पुढं ओढतात ते मी बघितलंय. त्या काही संत नाहीत. तोंड फाटकं आहे, मिश्री लावतात, टँकरवर त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नाही. पण मोठ्या अडचणीत खरं काय आणि प्रेम काय हे एकाच वेळी धरून ठेवणं मी एवढ्या जवळून दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. प्रेषित पौलानं बायबलमधल्या पत्रात इफिसच्या मंडळीला वाढीबद्दल लिहिलंय तिथं हेच दोन शब्द जोडून आलेत, प्रीती आणि सत्य. आणि आपण काय केलं, तर महिला मंडळाच्या कमिटीसाठी त्यांचं नाव निघालं तेव्हा कुणीतरी म्हणलं की घरचं नीट नाही त्यांचं. नाव मागं पडलं. मी त्या मीटिंगला होतो. गप्प बसलो होतो.

आमच्या कंपनीत याला म्हणतात गेज, म्हणजे मोजायचं साधन, चुकलंय. गेज चुकीचं असलं की चांगला जॉब रिजेक्ट होतो आणि खराब जॉब पास होतो, आणि यातलं दुसरं जास्त महागात पडतं कारण तो खराब जॉब ओके टॅग लावून पुढं जातो, कुणी परत बघत नाही. मी ओके टॅग लावलेला जॉब आहे. अशा वेळी मशीनवाल्या पोराला बोलून उपयोग नसतो, आधी गेज कॅलिब्रेशनला पाठवायचं असतं.

आता तुम्ही म्हणाल हा माणूस बायबल वाचू नका म्हणतोय. नाही हो. वाचलं नसतं तर मला १७वी ओवी तरी सापडली असती का. उपवासही नको म्हणत नाही, दशांशही नको म्हणत नाही, खजिनदारसाहेबांनी घाबरू नये. माझं म्हणणं एवढंच की ही खतं-पाणी आहेत, पीक नाही, आणि आपण खताच्या गोण्या मोजून पिकाचं बक्षीस देतोय. शेतात किती गोण्या टाकल्या यावर कुठल्या मार्केट यार्डात भाव मिळत नाही.

मग पिकाचं माप काय, तर ते आपल्या पुस्तकात आहे की. करिंथच्या लोकांना पौल म्हणतो तुम्ही अजून बाळं आहात, मी तुम्हाला दूध पाजलं, जड अन्न झेपत नव्हतं, आणि अजूनही झेपत नाही. का म्हणतो तो असं? ते वाचत नव्हते म्हणून? त्यांच्यात तर वरदानांची नुसती रेलचेल होती, भाषा काय, संदेश काय. त्यानं पुरावा एकच दिलाय, तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत. बस. म्हणजे बाळ ओळखायची खूण त्यानं नळावर ठेवलीये, पुलपिटावर नाही. गलतीच्या पत्रात आत्म्याचं फळ सांगितलंय त्यात नऊ गोष्टी आहेत, प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता आणि पुढच्या सगळ्या आपल्याला शब्बाथ शाळेपासून पाठ आहेत (त्याचे मार्क मिळतात). त्यातली एकही एकट्यानं खोलीत बसून दाखवता येत नाही. सहनशीलतेला समोर कुणीतरी त्रास देणारा लागतोच. माझ्या बाबतीत देवानं तो वरच्याच मजल्यावर ठेवलाय, आणि त्याला विचाराल तर तो म्हणेल खालच्या.

आणि 'पूर्ण' हा शब्द. डोंगरावरच्या उपदेशात येशू म्हणतो तुमचा स्वर्गातला पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा, हे वाचून मला लहानपणापासून धडकी भरायची, झिरो डिफेक्ट म्हणजे, कसं जमणार. पण त्याच्या वरच्या ओव्या बघा, तिथं वैऱ्यावर प्रेम करा चाललंय, देव चांगल्यावर आणि वाईटावर दोघांवरही पाऊस पाडतो असं चाललंय. मूळ ग्रीकमध्ये तिथं जो शब्द आहे, तेलेयॉस, तोच इब्री लोकांच्या पत्रात जड अन्न खाणाऱ्या प्रौढांसाठी आहे. म्हणजे प्रौढ कोण, तर पाण्याच्या बाबतीत जो देवासारखा वागतो तो, दोन्हीकडं सोडतो. मी वीस मिनिटं गटारीत सोडलं. आणि त्या इब्रीच्या ओवीत पुढं आहे की प्रौढांची पारख सरावानं तयार झालेली असते, तिथला ग्रीक शब्द जिमनॅशियम ज्यातून आला त्याच घरातला आहे. आपल्या भाषेत तालीम. तालमीत रोज कुणीतरी तुम्हाला पाडतं, माती झटकून परत उभं राहायचं. आपण मात्र दर वर्षी तीन दिवसांचं कन्व्हेन्शन घेतो, मांडव घालतो, साउंड लावतो, बाहेरगावचा वक्ता आणतो, आणि तीन रात्री बाकड्यावर बसून कुस्त्या बघून घरी येतो. बघून कुणाची बॉडी झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यात मागच्या वर्षीच्या वक्त्यानं तर प्रत्येकाला डोक्यावर हात ठेवून वर्षभरात प्रमोशन आणि चारचाकीचं वचन देऊन टाकलं, आमच्या शेजारच्या बाकावरचा एक पोरगा, काँट्रॅक्टवर असलेला, त्यानं खरं धरलं आणि चार महिन्यांनी कामावरून ब्रेक मिळाल्यावर तो चर्चला यायचाच बंद झाला. त्याच्या घरी कोण गेलं? मीही नाही गेलो.

दुसरी गोष्ट, जी मला तक्त्यापेक्षाही जास्त लागलीये. आपल्याकडं पोरं चौदा-पंधरा वर्षांची झाली की दृढीकरणाचा (आपला विश्वास स्वतः कबूल करायच्या विधीचा) वर्ग होतो. दहा आज्ञा, प्रेषितांचा मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, घोकून घोकून पाठ, पांढरे कपडे, फोटो, बिर्याणी. आणि त्यानंतर? त्यानंतर काहीच नाही. पंधराव्या वर्षी शाळा सुटते ती सुटतेच. पुढची चाळीस-पन्नास वर्षं माणूस रविवारच्या वीस मिनिटांच्या उपदेशावर काढतो आणि तो उपदेशही पुन्हा दाविद आणि गल्याथ. दाविदावर माझा राग नाही. पण पन्नाशीच्या माणसाचे प्रश्न गोफणीनं सुटत नाहीत. आईला स्मृतिभ्रंश झालाय, ती मलाच ओळखत नाही, तिच्यासाठी प्रार्थना नेमकी काय करू? सुपरवायझर म्हणतो रीडिंग ॲडजस्ट करून लिही, नाहीतर लॉट अडकतो आणि चाळीस जणांचा ओव्हरटाइम जातो, तिथं काय करायचं? (मी काय केलंय ते इथं लिहीत नाही, पण त्या रात्री नीट झोपलो नाही.) पोरीनं बाहेरच्या पोराशी लग्न ठरवलंय, मांडवात जाऊ की नको? आणि ज्याबद्दल आपल्याकडं कुणी तोंडच उघडत नाही तो कागदाचा प्रश्न. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा हक्क धर्माशी बांधला गेला, १९५६ला शीख आत आले, १९९०ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेरच. त्यामुळं आपल्यात किती घरांत दाखल्यावर एक धर्म आणि चर्चच्या रजिस्टरमध्ये दुसरा आहे ते सगळ्यांना माहितीये. मी कुणाकडं बोट दाखवत नाही, पोराची फी भरायची असते तेव्हा तत्त्वज्ञान सुचत नाही, आणि अन्याय मुळात कायद्यात आहे हे मी शंभर वेळा म्हणेन. पण ज्या माणसाला रोज हा काटा टोचतो त्याला मोकळेपणानं बोलायला जागा कुठंय? पुलपिटावरून कधी एक वाक्य? प्रौढांचे प्रश्न प्रौढांसारखे विचारता येत नसतील तर प्रौढ होणार कसे?

प्रश्न विचारले की विश्वास डळमळतो अशी आपल्याकडं भीती आहे. पंडिता रमाबाईंचा फोटो आपल्या हॉलमध्ये टांगलाय ना, बल्बच्या खाली. त्या बाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्याच सिस्टरबाईंशी पत्रांतून त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) आणि चर्चच्या अधिकारावरून असा वाद घातला की आज आपल्या कमिटीनं त्यांना शिस्तभंगाची नोटीस काढली असती. त्यांनी स्वतः पुढं लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आठ वर्षं! एवढ्या विद्वान बाईला. आणि नंतर केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, हिब्रू-ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचं मराठी, मरेपर्यंत चाललेलं ते काम, हे सगळं त्या प्रश्न विचारणाऱ्या बाईकडूनच झालं. लक्ष्मीबाई टिळक तर आपल्या नगरच्याच मंडळीतल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी घेतला १९००ला. मधली पाच वर्षं त्या बाईंनी काय काढली असतील. सोवळं-ओवळं एका रात्रीत सुटलं नाही, एकेक गाठ सुटत गेली. त्यांना कुणी पहिल्या तिमाहीत तक्ता दिला असता तर मावशींपेक्षा कमी मार्क पडले असते.

मार्कच्या शुभवर्तमानात ती बी पेरणाऱ्या माणसाची गोष्ट आहे, बाकीच्या तिघांत नाही ती. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, बी रुजतं, वाढतं, कसं ते त्याला कळत नाही. आधी पात, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. आमच्या मामाची शेती पारनेरकडं आहे, रब्बीची ज्वारी, मालदांडी. लहानपणी आम्ही डिसेंबरात जायचो तेव्हा कणसाचा दाणा दाबला की पांढरं दूध यायचं, मामा म्हणायचा दाणा दुधात आहे अजून, आठ-दहा दिवस थांबा मग हुरडा. आम्हाला दम निघायचा नाही, आम्ही कच्चीच कणसं मोडून भाजायचो, हाताला चिकट चीक, तोंडात काही नाही, आणि वर मामाच्या शिव्या. पौलाचं दूध आणि जड अन्न वाचलं की मला हेच आठवतं. दुधात असण्यात दाण्याची काही चूक नाही, तो त्याच्या वेळेनं भरतो. चूक आहे ती मार्चमध्ये रान काढायला गेलं आणि दाणा अजून दुधातच, त्याची. आणि दुसरी चूक ती आमची, रोज कणीस मोडून बघण्याची.

तर मागणं काय आहे.

तो तक्ता बंद करा. शील्डसकट. पौलाचं ते इफिसमधलं वाक्य बघा, आपण सगळे मिळून एक प्रौढ माणूस होऊ असं आहे, एकच माणूस, सगळ्यांचा मिळून. आणि आपण कुटुंबाकुटुंबात स्पर्धा लावलीये. वाटल्यास घरोघरी वाचनाचा कागद राहू द्या, पण तो ज्याचा त्यानं बघावा, बेरीज नको.

कन्व्हेन्शनचे तीन दिवस एका वर्षापुरते एका दिवसावर आणा आणि वाचलेल्या पैशात मोठ्यांसाठी वर्ग सुरू करा. रविवारी उपासनेआधी एक तास, किंवा आठवड्यातली एक संध्याकाळ. वक्ता नको. दहा-बारा माणसं, एक अध्याय, आणि आठवड्यात कुठं पडलो ते बोलायची मुभा, ते बाहेर जाणार नाही या बोलीवर. पाळकसाहेब, तुम्हीही त्यात आमच्यासारखेच बसा, तुम्हाला कुणी विचारत नाही तुमचं कसं चाललंय म्हणून, हे मला फार उशिरा सुचलं.

आणि प्रभुभोजनाच्या आधीच्या रविवारी नुसती सूचना वाचू नका. माझी आजी सांगायची की त्यांच्या गावात प्रभुभोजनाच्या आधी तयारीची सभा व्हायची आणि ज्यांचं वाजलेलं असेल त्यांच्याकडं वडील मंडळी आदल्या दिवशी घरी जायची, चहा प्यायची, उठायचीच नाहीत. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, हे येशूचं सांगणं आहे, आपण ते भिंतीवर लिहिलंय, पण उठून गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही. उठला तर आपण म्हणू बाथरूमला गेला असेल.

मी गेलो का, असं तुम्ही विचारणार. गेलो. उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री. जिन्याला चौदा पायऱ्या आहेत, तीन वर्षांत चढलो नव्हतो. भाऊ टीव्ही बघत होता. म्हणलं, पाण्याला साडेचारपर्यंत तू लाव, मग मी लावतो. आणि फेब्रुवारीत मी मुद्दाम टाकी सांडू दिली होती. त्यानं माझ्याकडं बघितलं, म्हणाला बरं, आणि परत टीव्हीकडं. भावजयीनं चहा विचारला नाही. मी खाली आलो. एवढंच झालं. मिठी वगैरे काही नाही, साक्ष द्यायला उभा राहीन असं त्यात काही नाही. त्यानंतर दोनदा तो पावणेपाचपर्यंत लावून बसला आणि दोन्ही वेळा माझ्या डोक्यात तीच जुनी सणक गेली, एकदा तर मी मेन वॉल्व्हपाशी जाऊन उभाही राहिलो होतो, हात ठेवून. फिरवला नाही. बायको म्हणते सुधारणा आहे. मी म्हणतो फार स्लो आहे. पौल म्हाताऱ्यावयात तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहितो की मी अजून पूर्ण झालेलो नाही, धावतोय, आणि लगेच म्हणतो आपल्यातले जे प्रौढ आहेत त्यांनी असाच विचार करावा. त्याच्या त्या वाक्यावर मी सध्या दिवस काढतोय.

मी हे सगळं एका कमिटी मेंबरला आधी तोंडी सांगितलं होतं, की माझे ९४ खरे नाहीत, मला पहिला नंबर नको. ते हसले आणि म्हणाले, अहो हीच तर तुमची नम्रता! त्याचे पण मार्क ठेवायला पाहिजेत. तेव्हाच ठरवलं की लिहायचं.

सोबत माझा तक्ता परत करतोय. ९४ वर रेघ मारलीये. शेऱ्याच्या रकान्यात त्या मंगळवारपुढं लिहिलंय, 'टाकी वीस मिनिटं सांडली'. सहीसाठी जागा कमी होती म्हणून मागच्या बाजूला केलीये. शील्ड कुणाला द्यायची ते तुम्ही ठरवा, फक्त ज्या कपाटात ती ठेवलीये त्याची किल्ली माझ्याकडं आहे, नाताळच्या लायटिंगचं सामान त्यातच असतं, तेव्हा लागली तर फोन करा.

आपला,
उजवीकडचा पाचवा बाक